आगगाडीचे खेळ : पहिली प्रत आणि दुसरी आवृत्ती

ग्रंथांच्या इतिहासात पहिल्या आवृत्तीला जो मान मिळतो तो खेळांच्या इतिहासात सहसा कोणी देत नाही. सारीपाटाचा किंवा बुद्धिबळाचा कर्ता कोण, हे आपण विचारीत नाही. पट मांडावा, डाव खेळावा आणि हारजीत झाली की सोंगट्या पिशवीत घालाव्या, एवढाच आपला त्यांच्याशी व्यवहार. परंतु गेल्या अर्धशतकात इंग्लंड, अमेरिका आणि जर्मनी या देशांत पटावरच्या खेळांचा एक असा वर्ग उदयास आला आहे, की ज्याचा कर्ता, प्रकाशक, आवृत्ती आणि नियमांतील पाठभेद यांची चर्चा ग्रंथांइतक्याच बारकाईने होते. हा वर्ग आगगाडीच्या खेळांचा होय. त्यांतील बरेच महत्त्वाचे खेळ प्रथम अगदी लहान प्रकाशकांनी थोड्या प्रतींत काढले आणि मागाहून मोठ्या संस्थांनी ते पुन्हा छापून दूरवर पोचविले. या स्थित्यंतरात खेळाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

सामान्य समजूत अशी की, लहान प्रकाशक अस्सल वस्तू काढतो आणि मोठा प्रकाशक गिऱ्हाइकाच्या रुचीसाठी तीत पाणी घालतो. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. पण ती सर्वस्वी खरीही नाही. प्रत्यक्ष उदाहरणे घेतली म्हणजे याचा निवाडा होईल.

डेव्हिड वॉट्स यांनी १९७३ साली आपल्या ‘रॉस्थर्न गेम्स’ या घरगुती संस्थेतर्फे ‘रेल्वे रायव्हल्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची सामग्री म्हणजे षट्कोनी घरांचा एक नकाशा, फासे आणि रंगीत लेखण्या. खेळणारे प्रथम फाशांच्या दानाप्रमाणे नकाशावर रेघा ओढून आपापले लोहमार्ग बांधतात. पुढे एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत शर्यती लागतात, आणि परक्याच्या मार्गावरून जावयाचे तर त्याला भाडे मोजावे लागते. अशा साध्या साहित्याचा हा खेळ जर्मनीत ‘डाम्फरॉस’ या नावाने निघाला, आणि १९८४ साली तेथील ‘वर्षाचा खेळ’ हा नामांकित पुरस्कार त्यालाच मिळाला. येथे मोठ्या प्रकाशकाने खेळ बिघडविला असे म्हणता येत नाही. त्याने तो नवा पोशाख चढवून घरोघर नेला.

दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. फ्रान्सिस ट्रेशॅम यांनी १९७४ साली ‘हार्टलँड ट्रेफॉइल’ या आपल्या छोट्या संस्थेतर्फे ‘१८२९’ हा खेळ काढला. स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ इंजिनाने रेनहिलची चाचणी जिंकली ते हे वर्ष. या खेळात दोन व्यवहार आळीपाळीने चालतात. एका फेरीत कंपन्यांचे शेअर विकत घ्यावयाचे वा विकावयाचे, आणि दुसऱ्या फेरीत त्याच कंपन्यांनी रूळ टाकून गाड्या चालवावयाच्या. गाड्या कायमच्या टिकत नाहीत. नवी जात बाजारात आली की जुनी भंगारात जाते. तथापि ‘१८२९’मध्ये कंपन्या ठरलेल्या क्रमाने उघडतात, त्यामुळे सट्ट्याला थोडी मर्यादा राहते.

१९८६ साली बाल्टिमोरच्या ‘ॲव्हलॉन हिल’ या बड्या संस्थेने ट्रेशॅम यांचाच ‘१८३०’ हा अमेरिकेवरील खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या संस्करणाचे काम ब्रूस शेली यांनी पाहिले. आता बडी संस्था म्हटल्यावर खेळ मवाळ व्हावयास हवा होता. झाले ते उलट. येथे कोणतीही कंपनी केव्हाही उघडता येते आणि तिच्या शेअरची पहिली किंमत उघडणाराच ठरवितो. अध्यक्षाने कंपनीची तिजोरी रिकामी करावी, आपले शेअर विकून भाव पाडावा, आणि गाडीवाचून राहिलेली ती कंपनी दुसऱ्याच्या गळ्यात बांधावी, हा येथला राजरोस डाव आहे. कारण कंपनीला गाडी घेणे भाग पडले आणि तिच्यापाशी पैसा नसला, तर तो अध्यक्षाला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. एकाचे दिवाळे निघाले की खेळ तेथेच संपतो. बाजार मोठा झाला म्हणून खेळाचे दात पाडले गेले नाहीत. उलट ते अधिक तीक्ष्ण झाले.

उलट बाजूचाही पुरावा आहे. मार्टिन वॉलेस यांचा ‘एज ऑफ स्टीम’ २००२ साली ‘वॉरफ्रॉग’ या त्यांच्या लहान संस्थेने काढला. त्यात भांडवल उभारावयाचे ते शेअर काढून. एका शेअरचे पाच डॉलर एकदाच हाती येतात आणि त्यापायी दर फेरीस एक डॉलर शेवटपर्यंत भरावा लागतो. शिवाय किती शेअर काढावयाचे हे फेरीच्या आरंभीच, पुढचा लिलाव कसा जाईल हे ठाऊक नसताना, सांगावे लागते. हिशेब एका डॉलरने चुकला तरी माणूस अडकतो. २००५ साली ‘ईगल गेम्स’ने याच मुळावरून ‘रेलरोड टायकून’ हा भव्य पटाचा आणि चिमुकल्या इंजिनांचा खेळ काढला. त्यात पैसा लागेल तेव्हा रोखे काढता येतात. फरक एका नियमाचा. पण त्या एका नियमाने दूरदृष्टीची कसोटीच सैल झाली. नवखा खेळाडू सुखावला, आणि जुन्या खेळाडूस काहीतरी हरवल्यासारखे वाटले. पुढे या खेळाच्या हक्कांविषयी वाद उत्पन्न झाला. २००९ साली ‘एज ऑफ स्टीम’ची तिसरी आवृत्ती आणि वॉलेस यांचा ‘मेफेअर’ने काढलेला ‘स्टीम’ अशा एकाच मुळाच्या दोन शाखा बाजारात उभ्या राहिल्या.

या दोहोंच्या मधले उदाहरण ‘वॉबॅश कॅननबॉल’चे. पिट्सबर्गच्या जॉन बोहरर यांची ‘विन्सम गेम्स’ ही संस्था साधे नकाशे आणि लाकडी ठोकळे यांवर समाधान मानणारी. तिने हा खेळ २००७ साली काढला. कर्त्याचे नाव हॅरी वू असे दिले होते. शेअरचा लिलाव, मार्गाचा विस्तार आणि प्रदेशाचा विकास या तीनच कृतींवर सारा खेळ उभा आहे. दुसऱ्याच वर्षी जर्मनीच्या ‘क्वीन गेम्स’ने त्याला ‘शिकागो एक्स्प्रेस’ असे नाव देऊन, देखणा पट आणि कृती मोजणाऱ्या तबकड्या यांसह प्रसिद्ध केले. रूप पालटले; आत्मा मात्र तोच राहिला.

आपल्याही भूमीचा या कथेत एक धागा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे ३४ किलोमीटरांची पहिली प्रवासी गाडी निघाली. त्याच सालाचे नाव देऊन ट्रेशॅम यांनी १९८९ साली हिंदुस्थानच्या लोहमार्गांवर ‘१८५३’ हा खेळ रचला. येथे रुळांच्या दोन रुंदींचा प्रश्न पटावर आला आहे. ज्यांनी गाडी बदलताना फलाटावर सामान वाहिले आहे, त्यांना त्यातील मर्म सांगावयास नको.

तेव्हा निष्कर्ष काय? लहान प्रकाशक धोका पत्करतो, मोठा प्रकाशक प्रसार करतो. ही वाटणी खरी आहे. परंतु मोठा तो चिरंजीव, असे मात्र नाही. ‘ॲव्हलॉन हिल’ १९९८ साली ‘हॅस्ब्रो’ला विकली गेली. २०११ साली ‘१८३०’ पुन्हा छापणाऱ्या ‘मेफेअर’नेही २०१८ साली आपला कारभार आटोपला. ट्रेशॅम २०१९ साली निवर्तले. त्यांच्या ‘१८२९’च्या बीजातून निघालेले खेळ मात्र आज शंभराहून अधिक आहेत, आणि त्यांतील कित्येक एकेका हौशी माणसाने मागणीनुसार हाताने पुठ्ठे कापून तयार केलेले आहेत. मोठी दुकाने बंद पडली तेव्हा दिवा तेवत ठेवला तो यांनी.

म्हणून पुनर्मुद्रणाची कसोटी चित्रांवर किंवा पेटीच्या वजनावर लावू नये. मूळ नियमांतील जो नियम खेळाडूस विचार करावयास भाग पाडतो, तो टिकला की नाही, हे प्रथम पाहावे. आणि मग मूळ कर्त्याचे नाव पेटीवर आहे की नाही, हे पाहावे. १९८८ साली न्यूर्नबर्ग येथे काही जर्मन खेळकर्त्यांनी बिअरच्या पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर सह्या करून, पेटीवर आपले नाव छापणार नाही त्या प्रकाशकास खेळ देणार नाही, असे जाहीर केले होते. सारीपाटाचा कर्ता काळाच्या उदरात गडप झाला. आगगाडीच्या खेळांच्या कर्त्यांना ती गत येऊ नये, एवढी दक्षता दुसऱ्या आवृत्तीने घेतली, तर पहिल्या प्रतीचे ऋण फिटले असे समजावयास हरकत नाही.