लाल वाईन, पांढरी वाईन आणि आमच्या एका एकराचा हिशेब



आजची नोंद जरा वेगळी आहे. कांदा नाही, फवारणी नाही. गेल्या महिन्यात आमच्या मुलाच्या ओळखीतल्या एका कृषी पदवीधर पोराबरोबर वायनरी बघायला गेलो आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा वाईन जिभेवर घेतली. गिळली नाही, चूळ भरून थुंकली. चव तपासणारे मोठे जाणकारही थुंकतातच, हे तिथं कळलं. पण त्या दोन घोटांनी माझा पंधरा-सोळा वर्षांचा एक राग उतरवला. म्हणून लिहितोय.

आमचं गाव खेड तालुक्यात, चाकणच्या जवळ. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला देहू. वडील माळकरी. 2004 ला मी एक एकर शिराझ लावली, म्हणजे लाल वाईनची काळी द्राक्षं. वडील एवढंच म्हणाले, "द्राक्ष पिकव, इक, पण चाखाया जाऊ नको." मी शब्द पाळला. माझ्या मालाचं पुढं काय होतं, ते मी कधी बघितलंच नाही.

आता थोडा इतिहास. द्राक्ष हे काय आपल्याकडं काल आलेलं पीक नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथल्या द्राक्षं-डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो असं त्यानं लिहून ठेवलंय. थंड देशातली वेल बर्फात झोपते, आपली वेल झोपतच नाही. म्हणून तर आपण एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या घेतो आणि फळ एकदाच धरतो.

वाईनचा कारखाना मात्र आपल्या भागात 1980 च्या दशकात आला. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला शामराव चौगुले यांनी शातो इंडाज उभी केली. फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शँपेनवाल्या घराण्याची तांत्रिक मदत घेतली. फेसाळणारी वाईन बनवली, ती परदेशात 'ओमर खय्याम' नावानं आणि देशात 'मार्किस द पाँपादूर' नावानं विकली. त्यांची 'रिव्हिएरा' लाल आणि पांढरी, दोन्ही मिळायची. जुन्नर तालुक्यातला माल फ्रान्सची पद्धत वापरून बाटलीत जातो, याचं तेव्हा सगळ्यांना नवल होतं.

तसं आंबवण्याचं शास्त्र आमच्या पट्ट्याला नवं नव्हतं. पिंपरीत 1954 ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली. तिथं पेनिसिलीन मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून, आंबवूनच तयार व्हायचं. जीव बारीक, पण तापमान आणि स्वच्छता सांभाळली नाही तर सगळी टाकी वाया. वाईनचंही तसंच असतं.

पुढं 1997 ला मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं. नाशिकला सुला सुरू झाली. 2001 ला महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली. मग काय, जो तो वाईन द्राक्ष लावायला निघाला. मीही त्यातलाच. 2008 च्या जागतिक मंदीत या धंद्याला जोराचा फटका बसला. इंडाजनं विस्तारासाठी मोठं कर्ज काढलं होतं. ती कर्जाखाली दबली आणि शेवटी कोर्टाच्या आदेशानं अवसायनात निघाली.

माझा माल इंडाजला जात नव्हता, लांबच्या एका दुसऱ्या वायनरीला जायचा. 2009 च्या मार्चमध्ये मी गाडी भरून नेली. रिफ्रॅक्टोमीटरवर साखर 25 ब्रिक्स. मी खुशीत. आणि त्यांनी भाव पाडला. म्हणाले, आंबटपणा उतरलाय, पीएच वर गेलाय. मी जाम भांडलो. म्हणलं, उसाला रिकव्हरी जास्त तर भाव जास्त, मग इथं साखर जास्त असून भाव कमी कसा? त्यांनी कागद पुढं केला. मला तो वाचता येईना आणि वाईन तर कधी चाखलेलीच नव्हती. समोरचा फसवतोय एवढंच डोक्यात बसलं. घरी आलो आणि चांगली पाच वर्षांची बाग काढून टाकली. त्याच महिन्यात चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला होता. बागेचे लोखंडी अँगल भंगारात घातले आणि कांद्याकडं वळलो.

आता गेल्या महिन्याचं. टेबलावर दोन ग्लास. आधी पांढरी, चेनिन ब्लँक. त्या पोरानं क्रम सांगितला: आधी पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा, मग ग्लास फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात सगळीकडं खेळवायचा आणि थुंकून चव किती वेळ टिकते ते मोजायचं. रंग गवताच्या वाळल्या काडीसारखा फिक्का. वास पिकल्या पेरूचा, मागं लिंबाचं साल. तोंडात घेतली तशी जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं, कैरी बघितल्यासारखं. हाच तो आंबटपणा. तो नसता तर ती नुसतं कोमट गोडसर पाणी लागली असती.

मग लाल, शिराझ. माझंच वाण. वास जांभळाचा आणि मागून काळ्या मिरीचा. तोंडात घेतल्यावर हिरड्यांना ओढ बसली, कच्ची सुपारी चघळल्यासारखी. हा तुरटपणा सालीतून आणि बीतून येतो. पांढऱ्या वाईनला द्राक्ष आधी दाबून नुसता रस थंड टाकीत आंबवतात. लाल वाईनला साल-बीसकट आंबवतात आणि चोथा नंतर दाबतात. म्हणून रंग आणि तुरटपणा लालमध्येच. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक पांढराच असतो, रंग सगळा सालीत.

तिथं अजून एक बाटली मुद्दाम ठेवली होती, बिघडलेली शिराझ. रंग विटकरी, चव जाड, बसकी, पहिल्या घोटालाच मेलेली. म्हणलं, ही अशी का? पोरगं म्हणालं, "काका, माल उशिरा तोडला. साखर चढली, आंबटपणा जळाला."

मी गप्पच झालो. माझी 2009 ची गाडी डोळ्यांसमोर आली.

हिशेब सोपा आहे, तेव्हा कुणी सांगितला नाही आणि मी विचारला नाही. एक ब्रिक्स साखरेतून साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त अल्कोहोल होतो. म्हणजे 23-24 ब्रिक्सला 13 टक्क्यांच्या आसपास. त्यापुढं साखर वाढून फायदा नाही. युरोपात द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरला, थंडी वाढताना पिकतं. आपलं फेब्रुवारी-मार्चला, ऊन वाढताना. उन्हात मॅलिक आम्ल झपाट्यानं कमी होतं. आंबटपणा गेला की पीएच चढतो. पीएच चढला की लाल रंग टिकत नाही आणि वाईन लवकर खराब होते. म्हणून वाईनचा माल पहाटे तोडतात आणि तोडणीचा दिवस नुसत्या साखरेवर ठरत नाही. साखर, आंबटपणा, पीएच आणि बीचा रंग, सगळं बघून ठरतो. उसाचा नियम मी द्राक्षाला लावला, चूक माझी होती.

वाईनचे दोष ओळखायला शिकलं की बाग डोळ्यांपुढं दिसते. सडक्या अंड्याचा वास आला तर तोडणीच्या तोंडावर गंधक मारलं असेल किंवा रसात नत्र कमी पडलं असेल. लाल वाईनला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास, विशेषतः काबर्नेला, म्हणजे घड सावलीत राहिले, माल कच्चा तोडला. डॉगरिज खुंटावर वेल जोमानं वाढते, तिथं पानांची विरळणी चुकली की हे हमखास. व्हिनेगरचा वास म्हणजे फुटके मणी क्रेटमध्ये उन्हात राहिले किंवा टाकीत हवा गेली. शेतातली चूक ग्लासात लपत नाही.

गुण द्यायची पद्धतही आहे. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठात 1959 ला अमेरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 गुणांचा तक्ता केला: रंग, वास, आंबटपणा, तुरटपणा, प्रत्येकाला ठरावीक गुण. आणि 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी बाटल्यांची नावं झाकून परीक्षा घेतली. परीक्षक फ्रेंच, तरी लाल आणि पांढऱ्या दोन्हीत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. लेबल झाकलं तेव्हा शेतकऱ्याच्या मालाला खरा न्याय मिळाला.

मी कुणाला प्यायला सांगत नाही. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकायचा सरकारी निर्णय आला, तेव्हा किती वाद झाला ते आपण बघितलंय. दारूनं घरं बुडतात, हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. वडिलांचा शब्द मी आजही मानतो, म्हणून गिळली नाही.

पण करारावर वाईन द्राक्ष लावणाऱ्या तरुण पोरांना दोन गोष्टी सांगतो. करारात नुसता ब्रिक्स नको, आंबटपणा आणि पीएच किती धरणार आणि त्याची तपासणी तुमच्या समोर होणार का, हे लिहून घ्या. आणि हंगाम संपल्यावर तुमच्या मालाची वाईन एकदा तरी बघा, हुंगा, थुंका. माल आपला आणि पारख दुसऱ्याची असली की भावही दुसऱ्याचाच असतो.

घरी आल्यावर जुन्या वहीत 2009 चं पान काढलं. तिथं मी "फसवणूक" असं लिहिलं होतं. ते खोडलं आणि शेजारी तोडणीची तारीख लिहिली. आठ-दहा दिवस आधी तोडायला पाहिजे होती.