६८ इंचांचा वारसा

जुनी काळी सायकल उलटी करा, पुढच्या चक्राच्या एका दाताला खडू लावा आणि पायडल सावकाश फिरवत दात मोजा. पुढे बहुधा ४४ भरतात, मागे १८. चाक २८ इंची. २८ गुणिले ४४, भागिले १८, म्हणजे सुमारे ६८ इंच. गोव्यातल्या डिचोलीत अशी सायकल फ्रीव्हील काढून फिक्स (चाकाबरोबर पायडल सतत फिरेल अशी) करायची म्हटली की पहिला हिशेब हाच. पण या सायकलवर ६८ इंचांचं काहीच नाही. मग हे इंच कशाचे?

ते एका नाहीशा झालेल्या चाकाचे आहेत. १८६० च्या दशकात पॅरिसच्या सायकल बनवणाऱ्या मिशोंकडे पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं असे. पायाची एक फेरी, चाकाचीही एकच. वेग हवा तर चाकच मोठं करायचं. १८७० नंतर कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीच्या काळात ही चाकं माणसाच्या छातीपर्यंत पोचली. पाय लांब असेल तेवढंच चाक मोठं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आखूड केला तर त्याच पायाला थोडं मोठं चाक झेपे. क्रँक आणि गिअर यांचा सौदा सुरू झाला तो इथे.

१८८५ मध्ये जेम्सच्या पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, रोव्हर काढली. चेन मागच्या चाकाला गेली आणि चाक पुन्हा लहान झालं. मोजमाप मात्र जुनंच राहिलं. ६८ इंची चाकावर बसणारा माणूस बहुधा कुठेच नव्हता, तरी तशा चाकाने एका फेरीत जितकं अंतर कापलं असतं, तितकं आपण आज कापतो: सुमारे ५.४६ मीटर.

फ्रीव्हील सर्रास झालं १९०० च्या आसपास. ते काढलं की उतारही पायांनीच उतरावा लागतो. ताशी ४० किलोमीटरला ६८ इंचांवर मिनिटाला १२२ फेऱ्या होतात. चढासाठी मागे १९ दातांचं चक्र घातलं तर ६५ इंच होतात, आणि त्याच उतारावर १२९ फेऱ्या. डिचोलीजवळच्या नार्वेच्या फेरीधक्क्यापासून वर सड्याकडे जाणाऱ्याला चढाला हलकं हवं, परतीला जड. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मी ६५ च निवडीन, कारण चढावर पाय अडले की फिक्सवर दुसरी वाट उरत नाही.

उताराचा भार मग क्रँकने थोडा उचलायचा. १६५ मिलिमीटरचा क्रँक १७० च्या जागी घातला की प्रत्येक फेरीत पाऊल ३१ मिलिमीटर कमी फिरतं. वळणावर पायडल वर धरून थांबता येत नाही, तेव्हा जमिनीपासूनचे ते ५ मिलिमीटर मोलाचे. बदल्यात सुमारे ३ टक्के जोर जास्त लावावा लागतो. हा १६५ म्हणजे इंग्लिश रोडस्टरचा साडेसहा इंची क्रँक. ट्रॅकच्या कलत्या वळणांवरही हाच आकडा रुळला.

जुना क्रँक काढताना, कॉटर पिन ठोकण्याआधी, क्रँकखाली लाकडाचा ठोकळा धरा, नाहीतर हातोड्याचा मार बेअरिंगला बसतो. आणि पुढचा ब्रेक काढू नका. या रस्त्यांना दोन पायांचा ब्रेक पुरत नाही.