योनावा, २० मार्च १९८९ : सव्वाअकराच्या आधी आणि नंतर

लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. तिथल्या नेरिस नदीकाठच्या योनावा शहराजवळ ‘अझोतास’ नावाचा मोठा खत कारखाना होता. हवेतला नायट्रोजन घेऊन अमोनिया करायचा आणि अमोनियापासून खत, हे त्याचे काम. जगातला बहुतांश अमोनिया याच कामी येतो. उरलेल्यातून स्फोटके, रसायने, प्लास्टिक होतात आणि शीतगृहे, बर्फाचे कारखाने, दूध डेअऱ्या थंड राहतात. अमोनिया नको असे म्हणण्याची सोय माणसाला नाही. तो नीट सांभाळणे एवढेच आपल्या हाती आहे. योनावात ते कसे चुकले, ते क्रमाने पाहू.

१९७८ पासून

कारखान्याच्या आवारात द्रव अमोनियाची एक प्रचंड टाकी उभी आहे. क्षमता १० हजार टन. अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याहून थंड ठेवला, तर तो साध्या वातावरणाच्या दाबाखाली द्रवरूपात राहतो आणि टाकी जाडजूड करावी लागत नाही. पण बाहेरची उष्णता रात्रंदिवस आत झिरपत असते. त्यामुळे टाकीत सतत थोडी वाफ तयार होते. ती ओढून, दाबून, पुन्हा थंड करून टाकीत परत पाठवण्याचे काम कंप्रेसर करतात. अशा टाकीची खरी भिंत पोलादाची नसते, थंडाव्याची असते.

२० मार्च, सोमवारची सकाळ

टाकीत सुमारे सात हजार टन अमोनिया आहे. कंप्रेसर मात्र बंद आहेत. म्हणजे वाफ वाढली, तर ती ओढून घेणारे कोणी नाही. उरल्या फक्त सुरक्षा झडपा. त्या झडपा रोजच्या थोड्याफार वाफेसाठी पुरेशा आहेत, अचानक उसळणाऱ्या वाफेसाठी नाहीत. टाकी या अवस्थेत असताना तिच्यात बाहेरून काहीही जाता कामा नये, हा साधा नियम इथे पाळला जायला हवा होता.

सव्वाअकराच्या आधी

सुमारे १४ टन अमोनिया टाकीच्या तळाशी शिरतो. तो उणे ३३ नव्हे, अधिक १० अंशांचा आहे. सात हजार टनांपुढे चौदा टन नगण्य वाटतील. पण हिशेब करून पाहा. या चौदा टनांतली जास्तीची उष्णता बाहेर पडायची, तर सुमारे दोन टन द्रवाची वाफ व्हावी लागते. दोन टन म्हणजे दोन हजार घनमीटरहून अधिक वायू. अपघाताचा अभ्यास करणाऱ्यांनी मांडलेला क्रम असा : वरच्या थंड द्रवाच्या वजनाखाली उबदार थर काही काळ तळाशी दबून राहिला. तो हलका होता, म्हणून अखेर वर उसळला. वरचा दाब कमी होताच त्याची एकदम वाफ झाली.

सकाळी सुमारे ११.१५

झडपांना एवढी वाफ बाहेर सोडता येत नाही. आतल्या दाबाने टाकी बुडापासून उखडते, भोवतीची काँक्रीटची भिंत फोडते आणि सुमारे ४० मीटर दूर जाऊन आदळते. सात हजार टन अमोनिया जमिनीवर पसरतो. काही ठिकाणी द्रवाची खोली ७० सेंटिमीटरपर्यंत आहे.

पुढची काही मिनिटे

अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असतो, हे शाळेत शिकवतात. पण इतक्या थंड द्रवातून निघालेला वायू धुक्यासारखा जमिनीलगत सरपटतो. माणसाच्या नाका-डोळ्यांच्या उंचीवर तो पांढरा पडदा होऊन उभा राहतो. डोळे, घसा, फुप्फुसे यांतल्या ओलाव्यात तो लगेच विरघळतो आणि जाळतो.

योनावात आणखी एक गोष्ट घडली, जी अमोनियाच्या अपघातांत फारशी घडत नाही. अमोनिया सहसा पेटत नाही. हवेत त्याचे प्रमाण साधारण १५ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तरच तो पेट घेतो. इथे ते प्रमाण जुळले आणि वायूने पेट घेतला. आग शेजारच्या मिश्रखताच्या कोठारापर्यंत गेली. तिथे हजारो टन नत्र-स्फुरद-पालाश खत होते. ते तापले आणि आतल्या आत विघटित होऊ लागले. आता हवेत अमोनियाच्या जोडीला नायट्रोजनची विषारी ऑक्साइडेही आली.

दुपार

ढग वाऱ्याबरोबर दूर जातो. कारखान्यापासून पाच किलोमीटरवर त्याची उंची शंभर मीटरच्या आसपास आहे. पुढे तो उंच आणि विरळ होत जातो. सुमारे ३२ हजार लोकांना घरे सोडावी लागतात. ढगाची झळ सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या टापूला पोहोचते.

रात्री अकराच्या सुमारास

दुर्घटनेला बारा तास झाले आहेत. सांडलेला अमोनिया वाफ होऊन संपला आहे. खताचे कोठार मात्र धुमसतेच आहे. असे खत बाहेरून हवा न घेताही आत विघटित होत राहते, म्हणून पाणी थेट गाभ्यापर्यंत पोहोचवावे लागते.

२१ ते २३ मार्च

तिसऱ्या दिवशी आग विझते. सात माणसे मेली, ५७ जखमी झाली.

आपल्यासाठी

या घटनाक्रमातला सर्वांत महत्त्वाचा क्षण सव्वाअकराचा नाही. थंडावा बंद असलेल्या टाकीत अमोनिया जाऊ शकत होता, तिथेच दुर्घटना ठरली होती. कंप्रेसर थांबला की आवक आपोआप थांबली पाहिजे, टाकीत शिरणाऱ्या द्रवाचे तापमान कोणीतरी पाहिले पाहिजे आणि सुरक्षा झडपा सर्वांत वाईट दिवसाच्या मापाच्या हव्यात. यातली एक गोष्ट जरी असती, तरी ती सात माणसे वाचण्याची शक्यता होती.

अलिबागजवळच्या थळला अमोनिया बनतो. कोकण किनाऱ्यावरच्या बर्फ कारखान्यांत आणि मासळीच्या शीतगृहांत तो फिरतो. जो असा कारखाना चालवतो, त्याने देखभालीच्या दिवशी उत्पादनाची घाई करू नये. जो त्यात काम करतो, त्याने श्वसनसंच हाताशी ठेवल्याशिवाय झडपेला हात लावू नये. साचलेल्या द्रव अमोनियावर थेट पाणी मारू नये, वाफ आणखी वाढते. पाण्याचा फवारा वायूवर धरावा. आणि जो शेजारी राहतो, त्याने हे लक्षात ठेवावे : वास आला आणि बाहेर असाल, तर वाऱ्याला आडवे निघा. ढग आधीच दारात आला असेल, तर पळू नका. दारे-खिडक्या घट्ट लावा, फटींत ओली फडकी कोंबा, नाकातोंडावर ओला कपडा धरा. डोळ्यांत गेला, तर निदान पंधरा मिनिटे भरपूर पाण्याने धुवा आणि मग दवाखाना गाठा. आपल्या गावातल्या कारखान्याचा भोंगा कधी वाजतो आणि वाजला की काय करायचे, हे आजच जाऊन विचारा. हे सांगणे कारखान्याचे कर्तव्य आहे आणि विचारणे आपला हक्क.