पद्मभूषण मिळालं, मग ते नावाआधी का लावता येत नाही?

२५ जानेवारी २०१९ च्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. ११२ नावं होती. त्यात लातूरचे डॉ. अशोक कुकडे होते. परवडणाऱ्या आरोग्यसेवेसाठी त्यांना पद्मभूषण मिळालं. लातुरात १९६६ मध्ये सुरू झालेल्या विवेकानंद रुग्णालयाच्या संस्थापकांपैकी ते एक. त्याच यादीत आफ्रिकेतल्या जिबूती देशाचे राष्ट्राध्यक्ष इस्माईल ओमर गुएलेह यांचंही नाव होतं, पद्मविभूषणसाठी.

आता नांदेड-लातूरच्या चौकातले अभिनंदनाचे फ्लेक्स आठवा. असा सन्मान कुणाला मिळाला की नावाआधी ‘पद्मश्री’ किंवा ‘पद्मभूषण’ आलंच म्हणून समजा. लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण नियमात ते बसत नाही.

कारण राज्यघटनेचं कलम १८. इंग्रजांच्या काळातल्या ‘सर’, ‘रावबहादूर’ यांसारख्या पदव्या या कलमाने बंद केल्या. शिक्षण आणि सैन्यातल्या पदव्या तेवढ्या राहिल्या. मग १९५४ मध्ये सुरू झालेले भारतरत्न आणि पद्म पुरस्कार काय आहेत? हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. बालाजी राघवन खटल्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की हे सन्मान आहेत, पदव्या नाहीत. म्हणूनच ते देता येतात. पण नावाच्या आधी किंवा नंतर लावले, तर सन्मान काढून घेतला जाऊ शकतो. ‘पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित’ असं वाक्यात लिहायला मात्र हरकत नाही.

नायजेरियात नेमकं उलटं आहे. तिथला सर्वोच्च सन्मान मिळालेले नेते नावापुढे ‘जीसीएफआर’ ही अक्षरं लावतात. त्याच्या खालोखालचा ‘जीसीओएन’ नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींना मिळाला.

पद्म पुरस्कारात रोख रक्कम नसते. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं.

आणि नाव सुचवायला आमदार-खासदाराची ओळख लागत नाही, हे अजूनही अनेकांना माहीत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुणीही नामांकन करू शकतं, अगदी स्वतःचंसुद्धा. कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यायची. किनवटच्या किंवा उदगीरच्या एखाद्या माणसाचं काम तुम्हाला माहीत असेल, तर तुम्हीही ते पाठवू शकता. फक्त ती व्यक्ती सरकारी नोकरीत नसावी. डॉक्टर आणि शास्त्रज्ञांना यातून सूट आहे.