टाकलेली की सुटलेली? घटस्फोटाचा कागद शोधताना

मागच्या व्याख्यानात आपण जमिनीचे जुने कागद कसे शोधायचे ते पाहिलं. ते संपल्यावर एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "सातबारा सापडला, पण माझ्या आत्याचा कागद कुठे मिळेल?" आत्या म्हणजे घरात आयुष्यभर "टाकलेली" म्हणून राहिलेली बाई. नवऱ्याने टाकली, कोर्टात काहीतरी झालं, एवढंच घरच्यांना ठाऊक. आत्या वारली, सांगणारं कुणी उरलं नाही. आजचा विषय त्या प्रश्नातून आला आहे. त्या शोधाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घेऊ. महाराष्ट्रात लग्नं मोडत होती ती कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द कोर्टाने दिलेले नाहीत, ते जातपंचायतीतले आणि चावडीवरचे आहेत. काडीमोड घेऊन पाट लावण्याची रीत अनेक जातींत होती. 1827 साली आर्थर स्टील यांनी दख्खनेतल्या जातींच्या चालीरीती इंग्रज सरकारसाठी गोळा करून छापल्या, त्यातही या रीती नोंदलेल्या आहेत. म्हणजे घटस्फोट ही इंग्रजी शिकलेल्यांनी आणलेली गोष्ट, हा समज आधी बाजूला ठेवू. ज्या जातींत पुनर्विवाहाला बंदी होती त्यांची रीत पुढे सगळ्या "हिंदूंची" रीत म्हणून पुस्तकात गेली, एवढंच.

पण पंचायतीसमोर मोडलेली काडी दप्तरात राहत नाही. मग इतिहासाला तिचा पत्ता लागतो कुठे? पुष्कळदा फौजदारी कोर्टात! 1864 साली मुंबई उच्च न्यायालयासमोर करसन गोजाचा खटला आला. बाई जातीच्या रीतीने पहिल्या नवऱ्यापासून सुटली आणि दुसऱ्याच्या घरी गेली. पहिल्या नवऱ्याची संमती नव्हती. न्यायालयाने जातीची ती रीत मानली नाही, आणि जातीच्या दृष्टीने झालेलं दुसरं लग्न सरकारच्या दृष्टीने गुन्हा ठरलं. म्हणून एकोणिसाव्या शतकातली काडीमोड शोधणाऱ्याने "घटस्फोट" या मथळ्याखाली शोधू नये. दुसऱ्या लग्नाचा गुन्हा म्हणजे दंडसंहितेचं कलम 494, व्यभिचाराचं 497, पळवून नेल्याचं 498, या खटल्यांत ती सापडते. मथळा गुन्ह्याचा आणि आतली गोष्ट मोडलेल्या संसाराची, असं ते प्रकरण असतं.

दुसरी वाट "नांदायला येण्याच्या" दाव्यांची. रखमाबाईंचा खटला आपल्याला माहीत आहे. दादाजी भिकाजींनी 1884 साली दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला. 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम दिला. 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या सगळ्या कागदांत घटस्फोट कुठेच नाही, कारण तो मागायची सोयच त्यांना कायद्याने नव्हती. आपण शोधतो तो शब्द दप्तरात असेलच असं नाही. त्या काळात बाईला काय मागता येत होतं हे आधी पाहायचं आणि त्या नावाने शोधायचं.

आता कायद्याने घटस्फोट कुणाला, कधीपासून मिळाला ते बघू. पारशांना 1865 च्या कायद्याने. त्यांचं वेगळं वैवाहिक न्यायालय, आणि समाजातलेच पंच न्यायाधीशांबरोबर बसणार. मुंबईच्या पारशांचे हे दावे आजही उच्च न्यायालयात चालतात. ख्रिस्ती लोकांना 1869 च्या कायद्याने. त्यात एक अट होती: जिल्हा न्यायाधीशाने दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयाने कायम करायचा. 2001 च्या दुरुस्तीने ही अट गेली. संशोधकाला मात्र ती उपकाराची आहे, कारण जिल्ह्यातलं प्रकरण नष्ट झालं असलं तरी त्याचा माग उच्च न्यायालयात लागू शकतो. मुसलमान स्त्रियांना कोर्टातून विवाह रद्द करून घेण्याचा स्पष्ट कायदा 1939 साली आला. नवऱ्याने दिलेला तलाक मात्र कोर्टाबाहेरचा, त्यामुळे तो कोर्टाच्या नोंदवहीत शोधून उपयोग नाही.

हिंदूंचं काय? इथे नकाशा समोर ठेवा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत काडीमोडीला कायद्याची चौकट मिळाली. बडोद्यात सयाजीरावांनी 1931 साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तो 1947 साली आला. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात, मराठवाडा निजामाकडे, त्यांना मुंबईचा कायदा लागू नव्हता. तिथे 18 मे 1955 ला हिंदू विवाह कायदा लागू होईपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे 1950 साली पुण्यातल्या बाईला कोर्टातून जे मिळू शकत होतं, ते औरंगाबादच्या बाईला मिळत नव्हतं. आज एकच राज्य असलं, तरी दप्तरं तेव्हाच्या राज्यांची आहेत. कोल्हापूरच्या संस्थानी कागदांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार, बडोद्यासाठी थेट गुजरात. गोव्याचं तर सगळंच वेगळं. तिथे पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा 1910 चा घटस्फोटाचा कायदा, पोर्तुगीज भाषा, आणि घटस्फोटाची नोंद लग्नाच्या मूळ नोंदीवरच. गोव्यात कोर्टाआधी नागरी निबंधकाकडे विचारावं ते यासाठी.

आता कामाचं बोलू. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिला प्रश्न, कोणतं कोर्ट? जिथे लग्न लागलं, जिथे सामनेवाला राहतो, किंवा जिथे दोघं शेवटचं एकत्र राहिली, तिथलं. बायको स्वतः अर्जदार असेल तर ती राहते तिथेही अर्ज करता येईल, ही सोय 2003 साली आली. त्याआधीची बाई माहेरी येऊन राहिली असली तरी तिचा दावा पुष्कळदा सासरच्या जिल्ह्यात असतो. लोक माहेरच्या कोर्टात वर्षभर खेपा घालतात आणि "नाही मिळालं" म्हणून सोडून देतात.

दुसरं, कोर्टाची पायरी. 1989 साली पुण्यामुंबईत कौटुंबिक न्यायालयं सुरू झाली. त्याआधी मुंबईत हे अर्ज शहर दिवाणी न्यायालयात चालत, इतरत्र जिल्हा न्यायालयात किंवा वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांपुढे. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे आजही तसंच आहे.

तिसरं, नाव. बाईचं नाव दाव्यात बहुधा सासरचं असतं. कधी "उर्फ" लिहून माहेरचं. लग्नात नाव बदललं असेल तर चार नावं हाताशी ठेवा: माहेरचं आणि सासरचं नाव, माहेरचं आणि सासरचं आडनाव. सगळ्यात सोपं म्हणजे नवऱ्याच्या आडनावाने शोधणं.

चौथं, कशाचा दावा? 1976 पर्यंत छळ किंवा सोडून जाणं एवढ्यावर सरळ घटस्फोट मिळत नसे. आधी न्यायिक विभक्तता, मग दोन वर्षं थांबायचं, मग घटस्फोटाचा दुसरा अर्ज. एकाच संसाराची दोन प्रकरणं, दोन नंबर, दोन वर्षांच्या दोन वह्या! एकच सापडलं तर शोध अर्धा झाला असं समजा. परस्पर संमतीचा घटस्फोटही हिंदू विवाह कायद्यात 1976 चाच. त्यात अर्ज, दोघांची पुरसिस, हुकूमनामा, एवढीच पानं असतात. भांडण नाही, म्हणून साक्ष नाही. माणसाच्या दृष्टीने ते बरंच झालं, पण इतिहासकाराच्या हाती काही लागत नाही.

पाचवं, काय मागायचं? नुसतं "केस पेपर द्या" म्हणू नका. न्यायनिर्णय, हुकूमनामा, रोजनामा, आणि निशाणी क्रमांक माहीत असेल तर ती निशाणी. मूळ अर्ज, समोरच्याची कैफियत, सरतपास, उलटतपास. नक्कल विभागात अर्ज द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, पानांप्रमाणे नक्कल फी भरायची. घटस्फोट ज्यांचा झाला त्या दोघांना हुकूमनाम्याची एक प्रमाणित प्रत फुकट मिळाली पाहिजे, असं हिंदू विवाह कायद्याचं कलम 23 सांगतं. म्हणून कोर्टात जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा. तिऱ्हाइताला मात्र कारण दाखवावं लागतं, प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि न्यायाधीश परवानगी देतील तरच नक्कल मिळते. माहितीच्या अधिकारात मागू, असं काही जण म्हणतात. कोर्टाच्या प्रकरणातल्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं आहे. नंबर काढायला ई-कोर्टाचं संकेतस्थळ उपयोगी, पण ते मुख्यतः संगणक आल्यानंतरच्या प्रकरणांना. पन्नास-साठ सालच्या प्रकरणासाठी रेकॉर्ड रूममधल्या वह्याच.

आणि तिथेही सगळं असतं असं नाही. कोर्टाचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करता येतात, त्यासाठी 1917 चा कायदाच आहे. निकाल आणि हुकूमनामा जास्त काळ टिकतात, बाकीचं आधी जातं. बाईने आपल्या तोंडाने सांगितलेलं सगळं त्या आधी जाणाऱ्या कागदांत असतं. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात तर साक्ष शब्दशः लिहून घेण्याची गरजच ठेवलेली नाही, गोषवारा पुरतो. काम लवकर व्हावं म्हणून हे केलं, आणि ते योग्यच आहे. पण पुढच्या शतकातल्या अभ्यासकाला आजच्या बाईचा आवाज कमी ऐकू येईल, हेही खरं.

कोर्टात काहीच नसेल तर? काडीमोडीचा फारकतनामा कधी कधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला असतो. 1899 च्या मुद्रांक कायद्यात घटस्फोटाच्या दस्ताला एक रुपयाचा मुद्रांक सांगितला आहे, म्हणजे असे दस्त होत होते. ते चार नंबरच्या पुस्तकात जातात, आणि त्याची नक्कल दस्त करणाऱ्याला किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यालाच मिळते. शिवाय रूढीने झालेला घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 ने आजही मानला आहे, फक्त तशी रूढी होती हे सिद्ध करावं लागतं. आणखी एक जागा म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. सामनेवाला सापडत नसेल तर जाहीर समन्स छापलं जाई. त्या चार ओळींत कोर्ट, नंबर, दोघांची नावं, सगळं मिळून जातं.

आता त्या गृहस्थांकडे येऊ. आम्ही त्यांना सासरच्या जिल्ह्यात पाठवलं. नाव, गाव, नंबर आम्ही सांगणार नाही. वैवाहिक प्रकरणातला मजकूर परवानगीशिवाय छापायला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 ची मनाई आहे, आणि ती नसती तरी सांगितलं नसतं. तिऱ्हाईत म्हणून त्यांना प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं, चार खेपा झाल्या. प्रकरण नष्ट झालेलं होतं. उरले होते दोन हुकूमनामे, एक विभक्ततेचा, एक घटस्फोटाचा. दोन्हींवर अर्जदार म्हणून आत्याचं नाव आणि सामनेवाला म्हणून नवऱ्याचं.

म्हणजे तिला कुणी टाकलं नव्हतं. ती स्वतः कोर्टात गेली होती, दोन वर्षं थांबली होती आणि पुन्हा गेली होती. घरात साठ वर्षं जो शब्द वापरला तो चुकीचा होता. ते गृहस्थ आम्हाला म्हणाले, "आत्याने कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही."

अशी एखादी आत्या, मावशी, आजी आपल्या घरात असेल आणि अजून हयात असेल, तर रेकॉर्ड रूमला जाण्याआधी तिला विचारा. तिची सांगायची इच्छा नसेल तर तिथेच थांबा, कारण तो कागद पहिल्यांदा तिचा आहे. ती गेली असेल तर मात्र तिच्या नावापुढे काय लिहिलं आहे, अर्जदार की सामनेवाली, एवढं तरी बघून या.

थांबतो. प्रश्न घेऊ.