पथकाचा जमाखर्च
स्काउट चळवळीविषयी लिहिताना वचन, गणवेश आणि शेकोटी यांवर पानेच्या पाने भरतात. पथकाच्या जमाखर्चाची वही मात्र सहसा कोणी उघडत नाही. चळवळीचा स्वभाव खरे तर तिथेच कळतो. चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या 1908च्या पुस्तकात काटकसर हा स्काउटचा नियम आहे आणि दुसऱ्या पायरीवर जाणाऱ्या मुलाच्या नावे बचत बँकेत निदान सहा पेन्स असावेत अशी अटही आहे. हात पसरायचा नाही, पैसा कामातून उभा करायचा, हा त्यांचा आग्रह. 1949पासून ब्रिटनमध्ये ईस्टरच्या सुमारास मुले घरोघर जाऊन बुटांना पॉलिश करीत, बागेतले तण उपटीत आणि कामाचा शिलिंग घेत. काम आणि रक्कम कार्डावर टिपली जाई. त्या घराला ‘काम झाले’ अशी चिठ्ठी चिकटवत, म्हणजे दुसरा स्काउट पुन्हा दार ठोठावणार नाही.

आपल्याकडे हीच कल्पना ‘खरी कमाई’ म्हणून आली, पण पथकाचा पाया वेगळा होता. तिकडचे पथक बहुधा चर्च किंवा वस्तीच्या आधाराने, पालकांची समिती आणि मुलांची आठवड्याची वर्गणी यांवर चाले. 1950 साली स्थापन झालेल्या भारत स्काउट्स अँड गाइड्सची पथके मुख्यतः शाळांत वाढली. शिक्षक शाळेचे, मैदान शाळेचे, वर सरकारी अनुदान. कमाईवाचून पथकाचे काही अडेना, तेव्हा तिचा वार्षिक सोहळा झाला. शाळेच्या पटांगणात भेळ, वडे, सरबत यांचे स्टॉल. बटाटे आईने उकडलेले आणि गिऱ्हाईक म्हणून पुन्हा आईच!

मुलांना कमवायला लावूच नये, असे काहींचे म्हणणे आहे. अनोळखी दारी मुले पाठवण्याची भीती रास्तच आहे. ब्रिटनमध्येही ती प्रथा 1990च्या दशकात मागे पडली. दुसरा आक्षेप असा की, अनुदान असताना ही चिल्लर कशाला? पण अनुदान ज्या कामासाठी येते त्यावरच खर्चावे लागते, आणि त्याचा हिशेब मोठी माणसे लिहितात. कमाई थोडी असली तरी तिचे काय करायचे हे मुले ठरवू शकतात. म्हणून माझी हरकत स्टॉलला नाही, हिशेबाची वही शिक्षकांच्या कपाटात बंद राहण्याला आहे. बटाटे-तेलाला किती गेले, उधारी कोणाकडे राहिली, उरलेल्या पैशांत दोर घ्यायचा की फाटका तंबू शिवून आणायचा, हे मुलांमधल्याच संघनायकांनी बसून ठरवले, तर आईने उकडलेल्या बटाट्यांचेही काही वावडे नाही.