बधिराचा कान आणि पंडितांचा हिशेब

बधिरास विजेच्या साह्यानें ऐकूं येईल काय, हा प्रश्न वाटतो तितका अर्वाचीन नाहीं. इ. स. १८०० च्या सुमारास इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें आपल्याच दोन्ही कानांत धातूच्या सळया घालून त्या स्वनिर्मित विद्युद्घटास जोडल्या. डोक्यास जबर धक्का बसला व एखादा दाट पदार्थ रटरट शिजावा तसा आवाज त्यास ऐकूं आला. तो प्रयोग पुन्हां करण्यास तो धजला नाहीं.

पुढें १९५७ सालीं पॅरिस येथें जूर्नो व एरियेस यांनीं एका बधिराच्या श्रवणतंतूंस विजेनें चेतविलें. त्यास आवाजाचा ताल कळे, परंतु बोलणें उलगडेना. १९६१ सालीं लॉस एंजेलिसचे डॉ. विल्यम हाउस यांनींहि हाच मार्ग धरला. पंडितवर्ग मात्र साशंकच राहिला. त्यांचा हिशेब असा कीं, शंखाकृति अंतःकर्णांत सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात; बुडाकडील पेशी उंच स्वर टिपतात, टोंकाकडील खर्जाचे. एवढ्यांचें काम मूठभर तारांनीं कसें व्हावें?

या शंकेस मेलबर्नचे ग्रेम क्लार्क यांनीं कृतीनें उत्तर दिलें. त्यांच्या वडिलांस ऐकूं कमी येई. ती व्यथा त्यांनीं घरींच पाहिली होती. अंतःकर्णाच्या वळणांत तार शिरेना, तेव्हां समुद्रकिनारीं सांपडलेल्या एका शंखांत त्यांनीं गवताची काडी सारून पाहिली. टोंकास लवचीक व बुडाशीं ताठ अशी ती काडी सहज आंत गेली. १ ऑगस्ट १९७८ रोजीं त्यांनीं अनेक विद्युदग्रांचें यंत्र पहिल्या रुग्णास बसविलें. बाहेरील भाग ध्वनीचे स्वरानुसार विभाग पाडतो, त्वचेखालील ग्राहकाकडे ते बिनतारी धाडतो, आणि त्या त्या स्वराच्या जागचें विद्युदग्र श्रवणतंतूंस चेतवितें.

पंडितांनीं तारा मोजल्या, पण श्रोता हिशेबांत धरला नाहीं, असें आम्हांस वाटतें. मोडी दप्तरांत र्‍हस्वदीर्घाचा भेद नसतो, शब्दही तोडलेले नसतात. तरी भाषा जाणणारा वाचक तीं पत्रें वाचतोच. मेंदूही असाच वाचक आहे. मात्र ज्यास भाषाच मिळाली नाहीं, त्यास खुणा कितीही दिल्या तरी त्या मुक्याच राहतात. अमेरिकेंतील बधिरांच्या राष्ट्रीय संस्थेनें १९९१ सालीं मुलांवरील या शस्त्रक्रियेस विरोध केला, त्यांत आपल्या हस्तभाषेविषयींची चिंता होती. ती अनाठायीं म्हणतां येत नाहीं. यंत्र नाद देतें. हातांची असो वा वाणीची, भाषा मुलास वेळींच माणसांनींच दिली पाहिजे.